प्रेमाला चितेची साक्ष कशाला?

मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या ढीगभर आहेत, पण नवरा-बायकोच्या प्रेमाची कादंबरी म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: रणजित देसाईंची 'स्वामी'. १९६२ साली ती आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून माधवराव पेशवे आणि रमाबाई हे जोडपं मराठी मनात ठाण मांडून बसलं आहे. दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका झाली, २०१४ साली 'रमा माधव' हा चित्रपट आला, त्यानंतर रमाबाईंच्या बालपणापासून सुरू होणारी 'स्वामिनी' मालिका आली. साठ वर्षं उलटली तरी या जोडप्याची गोडी कमी झालेली नाही.

मलाही ती गोडी आहे. म्हणूनच या कादंबरीबद्दल एक तक्रार मोकळेपणाने मांडायची आहे. ती शैलीबद्दल नाही आणि इतिहासातल्या बारीकसारीक तपशिलांबद्दलही नाही. एका बाईच्या जिवंत जळण्याला 'स्वामी'ने प्रेमाचं शिखर करून ठेवलं, आणि आपण वाचकांनी ते शिखर कौतुकाने डोळ्यांत पाणी आणून मान्य केलं, ही ती तक्रार.

आधी कादंबरीचं देणं मान्य करतो, कारण ते मोठं आहे. पानिपतानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी एका मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं येतात. तिजोरीवर कर्ज, सरदार आपापल्या दिशेला, निजाम आणि हैदर टपलेले, आणि घरात सत्तेवर डोळा ठेवून बसलेला सख्खा काका, राघोबादादा. १७६२ साली आळेगावला हाच पुतण्या काकापुढे नमतो, पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाला धूळ चारतो, १७६८ साली धोडपला काकांना कैद करतो. एवढं राजकारण हाताळणाऱ्या लेखकाने त्यात संसार कुठे बसवावा? देसाईंनी तो एक मोहीम संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या फटीत बसवला. स्वारी परत येते, घोडे उतरतात, दिवसभर दरबार चालतो, आणि रात्री दोन माणसं चार वाक्यं बोलतात. ती वाक्यं मर्यादेत असतात आणि तरीही वाचणाऱ्याला सगळं कळतं. १७५३ साली लहानपणीच लग्न झालेली ही मुलं एकमेकांना कशी ओळखू लागतात, हे देसाई घाई न करता सांगतात. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची चोरी असलेल्या घरांतून आलेल्या वाचकाला त्या संयमात स्वतःच्या आई-वडिलांचा संसार दिसला असेल, तर त्यात नवल नाही.

मग क्षय येतो. माधवराव थेऊरला जातात, चिंतामणीच्या आवारात त्यांचे शेवटचे दिवस जातात, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते जातात. रमाबाई सहगमन करतात आणि कादंबरी संपते. वाचणारा पुस्तक मिटतो तेव्हा त्याचा गळा दाटलेला असतो. इथेच माझं आणि या कादंबरीचं फाटतं.

रमाबाई सती गेल्या ही घटना आहे. ती कोणत्याही लेखकाला बदलता येणार नाही आणि बदलावी असं मी म्हणत नाही. प्रश्न आहे तो लेखक उजेड कुठे टाकतो याचा. शेकडो पानांतून जमा झालेली सगळी माया, सगळा हळवेपणा, न बोललेलं सगळं प्रेम शेवटच्या पानांत चितेवर आणून ठेवलं, की वाचकाच्या मनात एकच समीकरण तयार होतं: एवढं प्रेम होतं, म्हणून ती गेली. समीकरण एकदा मान्य केलं की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. ज्या मागे राहिल्या, त्यांचं प्रेम तेवढं नव्हतं.

आता हे समीकरण पेशव्यांच्याच घराला लावून पाहा. १७२० साली बाळाजी विश्वनाथ गेले. राधाबाई मागे राहिल्या आणि त्यांनी घर सांभाळलं. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. काशीबाई मागे राहिल्या, मस्तानीच्या मुलाला, समशेर बहादुराला त्यांच्याच घरात आसरा मिळाला, आणि चासला त्यांनी सोमेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजीअप्पा गेले आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. १७६१ साली माधवरावांचे वडील नानासाहेब गेले. गोपिकाबाई मागे राहिल्या आणि पुढे नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी पती गेल्याचं मानायलाच नकार दिला, वैधव्याची खूण अंगाला लागू दिली नाही, आणि दोन दशकं त्या तशाच जगल्या. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. गंगाबाई गरोदर होत्या, म्हणून त्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले.

म्हणजे त्या घरात सती जाणं हा नियमही नव्हता आणि न जाणं हा कलंकही नव्हता. एकाच वर्षी दोन सख्ख्या जावा वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. मग काशीबाईंचं प्रेम अन्नपूर्णाबाईंपेक्षा उणं होतं, असं कोणी म्हणेल का? पार्वतीबाईंच्या त्या वीस वर्षांपेक्षा एका संध्याकाळची चिता मोठी, असं कोण ठरवणार?

'त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका' हे उत्तर मला नेहमी मिळतं. मी आजची फूटपट्टी लावत नाही, त्याच काळातली लावतो. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव होळकरांनी त्यांना थांबवलं. धर्म मानणाऱ्या, मराठेशाहीत वाढलेल्या, तलवारीवर जगणाऱ्या एका सरदाराला अठराव्या शतकाच्या मध्यावर हे सुचू शकलं. त्याहीआधी, १६६४ साली शहाजीराजे गेले तेव्हा शिवाजीमहाराजांनी जिजाऊंना सहगमनापासून परावृत्त केलं होतं. जिजाऊ आणि अहिल्याबाई या दोघींना थांबवलं गेलं म्हणून पुढचा इतिहास घडला, हे आपण अभिमानाने सांगतो. रमाबाईंच्या बाबतीत मात्र कोणी का थांबवलं नाही, हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. कादंबरीने आपल्याला तो पडू दिलेला नाही.

अहिल्याबाईंच्याच घरातली दुसरी हकिकत याहून बोलकी आहे. १७९१ साली त्यांचे जावई यशवंतराव फणसे गेले आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाई तेव्हा सत्तेच्या शिखरावर होत्या, पण लेकीपुढे त्यांचं काही चाललं नाही. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात मुक्ताबाईचं उत्तर नोंदवलं आहे. आईला ती सांगते की तू आता थकलीस, माझा एकुलता एक मुलगा गेला, नवरा गेला, तूही गेलीस की मला जगणं असह्य होईल, आणि तेव्हा मानाने मरायची वेळ टळून गेलेली असेल. हे उत्तर मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्यात प्रेमाच्या उन्मादापेक्षा हिशोबच जास्त दिसतो. समोर पसरलेल्या रिकाम्या आयुष्याचा, आणि त्या आयुष्यात वाट्याला येणाऱ्या अपमानाचा. सती जाणाऱ्या बाईच्या मनात काय चालत असेल याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो पुरावा प्रेमकथेच्या बाजूने साक्ष देत नाही.

शाहूमहाराजांच्या राणी सकवारबाईंची गोष्ट तर आणखी काळी आहे. १७४९ च्या डिसेंबरात छत्रपती शाहूमहाराज गेले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने दिलेल्या हकिकतीप्रमाणे सकवारबाईंनी आपण सती जाणार असं आधी बोलून दाखवलं होतं, आणि वारसाहक्काच्या राजकारणात अडचणीची ठरलेली ही राणी आपल्याच शब्दात अडकली. माहेरच्यांच्या अब्रूची भीती घालून तिला चितेपर्यंत नेलं गेलं. हे रमाबाईंच्या आधी फक्त तेवीस वर्षं. माधवराव तेव्हा चार वर्षांचे होते आणि त्यांचे वडीलच त्या कारभाराच्या केंद्रस्थानी होते.

रमाबाईंवर कोणी असा रेटा लावला असं मी म्हणत नाही. पण १७७२ च्या नोव्हेंबरात त्यांच्यासमोर काय होतं ते एकत्र मांडून पाहायला काय हरकत आहे? मूलबाळ नाही. गादीवर येणारा दीर नारायणराव सतरा वर्षांचा. वाड्यात राघोबादादा आणि आनंदीबाई, ज्यांच्याशी नवऱ्याचं आयुष्यभर वैर चाललं. सासूबाई दूर गंगापूरला. आणि पुढे विधवेचं आयुष्य, ज्यात अलंकार नाही, शुभकार्यात जागा नाही, स्वतःचा म्हणून एक कोपरा नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट 'स्वामी'त आहे. फक्त ती वेगवेगळ्या पानांवर आहे. चितेपाशी पोहोचताना लेखक त्यातली एकही बरोबर घेत नाही. तिथे फक्त प्रेम उरतं. कादंबरीकाराचं स्वातंत्र्य मला पूर्ण मान्य आहे, पण स्वातंत्र्य वापरून काय लपवलं गेलं हे विचारण्याचं स्वातंत्र्य वाचकालाही आहे.

दुसरा आक्षेप येतो तो स्वेच्छेचा. त्या स्वतःच्या इच्छेने गेल्या, कोणी ढकललं नाही, मग तुम्ही कोण विचारणारे? इच्छा ही दोन वाटा खुल्या असतील तर इच्छा. एका बाजूला देवीसारखा मान आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराची अवहेलना, अशी मांडणी समाजाने आधीच करून ठेवली असेल, तर त्यातली निवड एकट्या त्या बाईची राहत नाही. बखरीतही सतीच्या धैर्याचं वर्णन असतं. लाकडं रचली जात असताना त्या तरुण बाईच्या पोटात काय कालवत होतं, हे लिहायला तिथे कोणी बसलेलं नसतं. नेमकं तेच काम कादंबरीचं आहे. इतिहासकाराला पुराव्याशिवाय मनात शिरता येत नाही, कादंबरीकाराला येतं. 'स्वामी' माधवरावांच्या मनात खोलवर शिरते, त्यांचा राग, त्यांची असहायता, काकांबद्दलची ओढ आणि चीड, सगळं उलगडते. रमाबाईंच्या मनात मात्र ती उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबते. त्या सोज्वळ आहेत, हसऱ्या आहेत, सोशिक आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक भावनेचा धागा नवऱ्यालाच बांधलेला आहे. नवरा नसताना ही बाई काय विचार करत असेल, याचा पत्ता लागत नाही. अशा व्यक्तिरेखेला नवऱ्यानंतर जगण्याचं कारणच उरत नाही, कारण लेखकाने तिला ते कधी दिलेलं नाही. चितेचा निर्णय शेवटच्या पानावर झालेला नाही, तो पहिल्या भेटीपासून झालेला आहे.

याचं मला अधिक वाईट वाटतं, कारण मराठी कादंबरीचा जन्मच विधवेच्या प्रश्नातून झाला. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. आपल्या भाषेतली ही पहिली कादंबरी हिंदू विधवांच्या दुःखाची हकिकत सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली आणि यमूच्या तोंडून, तिच्याच शब्दांत, एका मुलीचा बालपणापासून वैधव्यापर्यंतचा प्रवास सांगितला. जबरदस्तीने झालेल्या केशवपनाचा तिचा अनुभव वाचून आजही हात थरथरतात. पेशव्यांच्याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं, त्याच पुण्यात १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं आणि तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम काढला. म्हणजे नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला काय येतं हे मराठी समाजाने आणि मराठी साहित्याने खडान्‌खडा लिहून ठेवलेलं होतं. त्यानंतर सत्तर वर्षांनी लिहिलेली, आणि त्या सगळ्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांनी वाचलेली कादंबरी पुन्हा चितेपाशी येते आणि तिथे तिला फक्त पावित्र्य दिसतं.

हे का झालं असावं? माझा एक कयास आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मोठ्या लढ्यानंतर मिळालेल्या राज्यातल्या वाचकाला आपला इतिहास उजळ, तालेवार, निष्कलंक हवा होता. पेशवाईबद्दल तर अपराधी भावना फार होती; तिचा शेवट दुसऱ्या बाजीरावात झाला होता. अशा वेळी कर्तबगार, न्यायी, अल्पायुषी माधवराव हा फार मोठा दिलासा होता, आणि त्याच्याबरोबर रमाबाईंची निष्ठा हा त्या उजळपणाचा दागिना. देसाईंनी ती भूक ओळखली. दागिना कोणाच्या हाडांचा होता, हे विचारायची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही.

पण १९८७ नंतर ती सवलत आपल्याला राहिलेली नाही. त्या वर्षी ४ सप्टेंबरला राजस्थानातल्या देवराळा गावात रूपकंवर या अठरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याच्या चितेवर जाळलं गेलं. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. हजारोंनी लोक तिथे दर्शनाला गेले. समर्थकांचं म्हणणं काय होतं? ती आपणहून गेली, तिची निष्ठा होती, ही आमची परंपरा आहे. त्याच वर्षी केंद्राने सतीप्रतिबंधक कायदा केला आणि सतीचं उदात्तीकरण हाच गुन्हा ठरवला. हा कायदा कादंबरीला लावावा असं कोणाच्याही मनात येऊ नये. पुस्तकावर बंदी घालणं किंवा त्यातली पानं गाळणं मला कधीच पटणार नाही. पण संसदेला जे शब्दांत मांडावं लागलं, ते आपण वाचनाच्या पातळीवर तरी मान्य करायला हवं. रूपकंवरचं समर्थन करणारी वाक्यं आणि 'स्वामी'चा शेवट वाचून सुचणारी वाक्यं यांत मला फार अंतर दिसत नाही. एक ऐकून आपण हादरतो आणि दुसरं वाचून आपण भारावतो, ही विसंगती माझ्याच्याने गिळवत नाही.

आणि हा प्रश्न फक्त चितेचा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं सुचवलं. रणजित देसाईंचं कोवाडही त्याच जिल्ह्यातलं, चंदगड तालुक्यातलं. 'स्वामी' आल्यावर साठ वर्षांनी एका गावाला ठराव करून सांगावं लागतं की नवऱ्याबरोबर बायकोचं बाईपण संपत नाही. चिता विझली तरी तिच्यामागची समजूत विझलेली नाही, आणि त्या समजुतीला खतपाणी घालणाऱ्या गोष्टींत आपल्या लाडक्या प्रेमकथाही आहेत.

मग काय करावं? जे शिक्षक 'स्वामी' शिकवतात, त्यांनी तिचा शेवट 'पण लक्षात कोण घेतो'च्या शेजारी ठेवून शिकवावा. मुलांना विचारावं की रमाबाई राहिल्या असत्या तर पुढच्या नऊ महिन्यांत शनिवारवाड्यात जे घडलं त्यात त्यांची जागा काय असती. थेऊरला अष्टविनायकाच्या दर्शनाला जाणारे आपण रमाबाईंच्या स्मारकापाशीही थांबतो, तिथे हात जोडतो. हात जोडताना मुलांना हेही सांगावं की त्यांना थांबवायला त्या दिवशी कोणी मल्हारराव नव्हता. मालिका लिहिणाऱ्यांनी लहानग्या रमेचे लाड दाखवताना तिच्यासाठी पुढे काय वाढून ठेवलं आहे हे विसरू नये.

आणि लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या बायकांकडे वळावं. ना. सं. इनामदारांनी 'शिकस्त'मध्ये पार्वतीबाईंना नायिका केलं, पतीची वाट पाहणारी, जगणारी बाई. त्या वाटेने पुढे फार लोक गेले नाहीत. गंगाबाई तर अजून दाराशीच उभ्या आहेत. नवऱ्याचा वाड्यात खून, पोटात मूल, काका-काकूंचं राज्य, पुरंदरावरचं बाळंतपण, आणि त्यांच्या नावाने बारभाईंनी चालवलेला कारभार. नारायणरावांवर त्यांचं प्रेम असेल, राग असेल, भीती असेल, कदाचित पुढे या सगळ्याचा कंटाळाही आला असेल. हे सगळं घेऊन जगणाऱ्या गंगाबाईंवर कोणी मन लावून प्रेमाची कादंबरी लिहिली, तर ती मी आधी वाचेन आणि मग 'स्वामी'शेजारी ठेवेन.